मुठीत बोटभर जागा

जिंतूरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले, त्या दिवशी सरांनी मला कॉलेज विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आडनावावरून पुढची चौकशीही केली नाही. आमच्याकडे ही तशी नवलाचीच गोष्ट. त्यांनी कपाटामागून एक रॅकेट काढून माझ्या हातात दिली, टेबलाच्या खणातून एक थर्मामीटर काढला आणि म्हणाले, "मॅडम, दस्ता धरा. मूठ वळा."

जनावरांच्या दवाखान्यातला थर्मामीटर कुठून कुठून फिरून आलेला असतो, हे मला शिक्षणानं चांगलंच माहीत होतं. मी हात मागे घेतला.

"धुतलेला हाय," सर म्हणाले. "साबणानं. घाबरू नका."

मी मूठ वळली. माझ्या बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा मांसल भाग यांच्यामध्ये जी फट राहिली, तिच्यात त्यांनी थर्मामीटर घातला, हलवून बघितला आणि नाराजीनं मान हलवली. "गलत. लय जाड मुठीची रॅकेट वापरायलात तुमी."

"सर, मी शाळेनंतर रॅकेट हातातच धरलेली नाही."

"तेच म्हणायलो. शाळेपासून गलत."

सर आमच्या दवाखान्यातले सगळ्यांत जुने डॉक्टर. गुरांचे, मेंढ्यांचे. अंगानं आडवे, आवाजानं दणकट, पण हात मात्र लहानखुरे. एवढ्या मोठ्या माणसाला चुकून दुसऱ्या कुणाचे तरी लावल्यासारखे. मला वाटतं त्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचं मूळ तिथंच होतं. तरुणपणी त्यांनी कुणाची तरी उसनी, जाड मुठीची रॅकेट पुष्कळ दिवस वापरली होती. कोपर दुखावलं. कोपर पुढे बरं झालं, पण त्यातून निघालेला सिद्धांत बरा झाला नाही. माणूस हरतो तो मुठीमुळे, असं त्यांचं ठाम मत होतं. दस्ता बारीक पाहिजे, बोटं त्याच्यावर फिरली पाहिजेत आणि मूठ वळल्यावर आत एका बोटाची जागा उरली पाहिजे. पुरुष असेल तर ते सरळ स्वतःची करंगळी घालून बघत. बाईमाणूस असेल तर थर्मामीटर. ही त्यांची मर्यादा होती आणि ती त्यांनी कधी ओलांडली नाही. थर्मामीटर करंगळीपेक्षा बारीक असतो, मग बायकांचं माप वेगळं कसं, हे विचारायची मात्र कुणाची छाती झाली नाही.

आम्ही बॅडमिंटन खेळायचो ते एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. गावातल्या चार हौशी लोकांनी तिथं फरशी गुळगुळीत करून रेषा मारल्या होत्या, दिवे लावले होते. कापूस कधीच गेला होता, पण तो तुळयांवर थोडा थोडा राहिला होता, आणि कुणी जोरात शटल वर मारलं की त्याचा एखादा पुंजका तरंगत खाली यायचा. दोन्हीकडचे खेळाडू क्षणभर गोंधळायचे, की यातलं मारायचं कोणतं.

मला वाटलं होतं, एवढं शास्त्र सांगणारा माणूस खेळतही तसाच असेल. पहिल्याच संध्याकाळी भ्रम फिटला. सर हरले. दुसऱ्या दिवशीही हरले. ते जवळजवळ रोजच हरायचे, आणि हरल्यावर पराभूताची कुठलीही खूण त्यांच्या चेहऱ्यावर नसायची. घाम पुसत बाकावर बसत आणि जिंकणाऱ्याला म्हणत, "तुमी जिंकलात, पण गलत जिंकलात. पकड बघा तुमची. हतोडा धरल्यावानी धरायलात."

त्यांना नेहमी हरवणारे म्हणजे आमच्या गावातले एक औषध दुकानदार. त्यांना सगळे मेडिकलवाले म्हणत. उंच, शांत, हिशेबी माणूस. शटल नेमकं जिथं सर नसतील तिथं टाकायचा. एकदा त्यांनी नवी रॅकेट आणली. चांगली, महागातली. एक डाव खेळून ते पाणी प्यायला बाहेर गेले. परत येऊन बघतात तर सर मांडी घालून खाली बसलेले, हातात ब्लेड, आणि रॅकेटच्या दस्त्यावरची कंपनीची ग्रिप सालासारखी सोलून बाजूला ठेवलेली. खालचं लाकूड उघडं पडलं होतं.

"अहो, काय करायलात हे?" मेडिकलवाल्यांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा चढलेला ऐकला.

"लय जाड होती. तुमच्या हाताचं मी बघून ठेवलं होतं मागंच."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुमी न्हाई म्हणला असतात," सर म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला होता. मग त्यांनी स्वतःच्या खिशातून पातळ ग्रिप काढून इतक्या निगुतीनं, प्रत्येक वेढा सारखा ठेवत गुंडाळली, की मेडिकलवाल्यांना धड रागावताही येईना. पुढे आठवडाभर ते सरांशी बोलत नव्हते. मात्र ग्रिप तीच ठेवली होती.

बघता बघता सगळ्या शेडमधल्या रॅकेटी सोलून निघाल्या. दोष सरांचा म्हणावा तर लोकही त्यांच्यापुढं आपण होऊन रॅकेट धरत. एवढ्या खात्रीनं बोलणारा माणूस समोर असला की आपल्याला आपलाच हात परका वाटायला लागतो.

दवाखान्याच्या कामातही तेच. चारठाण्याकडं मेंढ्यांना लस टोचायला गेलो होतो. एक धनगर बाबा मेंढरू पकडून उभे होते. सरांची नजर मेंढरावर कमी आणि त्यांच्या हातातल्या काठीवर जास्त. शेवटी राहवलं नाही. जवळ जाऊन त्यांनी बाबांच्या मुठीत करंगळी सारली.

बाबांनी आधी करंगळीकडं बघितलं, मग सरांकडं. "साहेब," ते म्हणाले, "आजारी मेंढरू हाय. मी न्हाई."

सरांनी निमूटपणे मेंढरू बघितलं. ते काम मात्र ते अगदी सुरेख करत. घाबरलेलं जनावर त्यांच्या हातात आलं की धडपडायचं थांबायचं. सुई टोचली कधी आणि निघाली कधी ते त्याला कळायचं नाही. जिंकायला जे हात उपयोगी पडत नव्हते ते इथं असे चालायचे.

माझ्यासाठी रॅकेट घ्यायची तर ती सरांनीच निवडायची, हे मी सोडून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. एका रविवारी आम्ही एसटीनं परभणीला गेलो. तिथं एका चाचांचं खेळाच्या सामानाचं जुनं दुकान होतं. अरुंद, लांबलचक, छताला फुटबॉल टांगलेले. सरांना दारात बघताच चाचांनी पंखा वाढवला आणि नोकराला चहा सांगितला. गिऱ्हाईक बराच वेळ बसणार, याची त्यांना सवय होती.

चाचांनी पहिलीच रॅकेट काढून माझ्या हातात दिली. हलकी, निळ्या रंगाची. मला ती आवडली. तसं मी म्हणालेही.

"आवडण्याचा काय संबंध?" सर म्हणाले आणि ती बाजूला ठेवली.

मग सुरू झालं ते सुरूच राहिलं. प्रत्येक रॅकेट ते आधी एका बोटावर आडवी तोलायचे. डोकं जड की दस्ता जड ते बघायचे. मग तिच्या तारा कानाशी नेऊन नखानं वाजवायचे. मग डोळे मिटून मूठ वळायचे. मला त्यांनी मापांची संगती सांगितली, की दस्त्यावरचा आकडा जसा वाढतो तशी मूठ बारीक होते. मी म्हटलं, हे उलटं कसं? तर म्हणाले, "आकडे दुकानदारासाठी असतात. आपण हाताला विचारायचं." हाताला विचारायचं म्हणजे अर्थातच सरांना विचारायचं.

दुपारची एसटी गेली. तिच्या मागची गेली. चाचा टेकून बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, लेना हाय की नुस्ता सबसे हाथ मिलाना हाय?"

"घाई करू नका चाचा. चुकीचा दस्ता म्हंजी जिंदगीभराचं दुखणं."

"मैं तो कबसे बोल रहा, जरा जाडा दस्ता लो. हाथ को आराम रहता."

"जाड मूठ मुसळाला असती," सर म्हणाले. "आमाला मसाला कुटायचा न्हाई."

हा त्यांचा फार जुना वाद असावा, कारण दोघांनीही तो काही न उकरता, ठरलेल्या जागी ठरलेलं बोलून संपवला. शेवटी दिवेलागणीला सरांनी एक रॅकेट पसंत केली. "ही तुमची," ते म्हणाले. चाचांनी ती कागदात गुंडाळताना माझ्याकडं बघून फक्त डोळे मिचकावले. ती पहिलीच होती, निळी.

असे दिवस चालले होते. मग एका दुपारी सेलूकडचं लसीकरण उरकून आम्ही जीपनं परतत होतो. देवगाव फाट्यावर चहाला थांबलो. मी पैसे द्यायला वळले आणि मागे कप फुटल्याचा आवाज आला. सर स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होते.

"मॅडम, बघा," ते म्हणाले. "मूठ वळंना."

मला वाटलं, झालं सुरू यांचं. मी हसलेसुद्धा. मग त्यांच्या तोंडाची एक बाजू खाली ओढलेली दिसली, आणि हसू तिथंच राहिलं.

ड्रायव्हरनं आणि मी त्यांना जीपमध्ये बसवलं. ड्रायव्हर इतका घाबरला होता की त्यानं विचारलं, "दवाखान्यात घेऊ का?"

"माणसांच्या," सर वाकड्या तोंडानं, एकेक अक्षर जुळवत म्हणाले. परभणीपर्यंतच्या रस्त्यात ते एवढंच बोलले.

वेळेत पोचलो म्हणून पुष्कळ वाचलं. बोलणं हळूहळू ताळ्यावर आलं, चालणं आलं. उजवा हात मात्र अर्धवट राहिला. बोटं अर्धी मिटायची आणि तिथंच थांबायची. लहानसं काही धरायला गेले की ते निसटून खाली.

घरी हाताचे व्यायाम शिकवायला एक तरुण थेरपिस्ट मुलगी यायची. तिनं पहिल्याच दिवशी चमचा, ब्रश, कंगवा, सगळ्यांच्या दांड्यांवर स्पंजाच्या पट्ट्या गुंडाळून त्या जाड करून दिल्या. तिचं म्हणणं साधं होतं: बोटं पूर्ण मिटत नाहीत ना, मग धरायची वस्तूच मोठी करा. तिला बिचारीला कुणी सांगितलं नव्हतं की ती कुणाच्या घरात हे बोलत होती.

ते वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घातला नाही. म्हणाले, "बरं," आणि ती गेल्यावर तो जाड चमचा ताटापासून बाजूला सरकवून ठेवला. रोज ती यायची, रोज ते "बरं" म्हणायचे, आणि चमचा रोज बाजूला. डाव्या हातानं जेवणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं आणि उजव्यानं घास होत नव्हता. मग काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दार लोटून घ्यायच्या, भाकरी दुधात कुस्करायच्या आणि भरवायच्या. मी एकदा अवचित गेले आणि दार ढकललं. सरांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. ओठांवर दूध तसंच होतं. काकूंनी मला डोळ्यांनीच बाहेर थांबायला सांगितलं.

शेडमध्ये मी खेळायला जात होते, पण तिथंही करमत नव्हतं. हरल्यावर सुनावणारं कुणी नसलं की जिंकण्यातही फारसं काही राहत नाही. मेडिकलवाले सरांची औषधं नोकराकरवी न पाठवता स्वतः घेऊन जायचे, त्यांच्या शेजारी खुर्चीत बसायचे आणि थोड्या वेळानं उठून यायचे. एकदा बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मी म्हणालो गोळ्या बदलून दिल्यात, तर हौ म्हणाले. मी म्हणालो ऊन लय हाय, तर हौ म्हणाले. हा माणूस कधी मला हौ म्हणाला होता का?"

काकूंनीच एक दिवस मला अडवलं. "पोरी, कुठंतरी घेऊन जा गं त्यांना. नुसते भिंतीकडं बघायलेत."

माझ्या निळ्या रॅकेटीची फ्रेम तेव्हा खरंच चिरली होती. मी आत जाऊन म्हटलं, "सर, मला नवी रॅकेट घ्यायचीय. मला एकटीला जमणार नाही."

 "बरं," म्हणाले. पण उठले.

मेडिकलवाल्यांनी दुकान बंद ठेवून गाडी काढली. काकूही आल्या. आजारपणापासून त्या सरांना एकटं सोडतच नव्हत्या. न्हाणीच्या दाराशीसुद्धा उभ्या राहायच्या. चाचांनी सरांना दारातून येताना बघितलं, त्यांचा हात बघितला. खुर्ची पुसून दिली आणि नेहमीसारख्या बारीक दस्त्याच्या रॅकेटी काउंटरवर मांडल्या.

सरांनी डाव्या हातानं एक उचलली. मला वाटलं ते ती माझ्याकडं देतील. त्यांनी ती स्वतःच्या उजव्या हातात दिली. बोटं अर्धी मिटली. रॅकेट सुटली आणि फरशीवर आपटली.

 चाचा पाठ वळवून कॅरमबोर्डांवरची धूळ झटकू लागले. त्यांच्यावर धूळ नव्हती. मेडिकलवाल्यांनी रॅकेट उचलली आणि काय करावं न कळून तशीच धरून उभे राहिले.

"चाचा," सर म्हणाले. "टॉवेल ग्रिप आणा. जाडी."

चाचांनी पाठ न वळवताच विचारलं, "किसके वास्ते?"

"आणा म्हणलं ना!"

त्या 'आणा म्हणलं ना'नं काकूंनी मान वर केली.

मेडिकलवाले काउंटरवर वाकून ग्रिप गुंडाळायला लागले. सर शेजारी बसून सूचना देत होते. वेढा तिरका गेला, परत काढा. ओढून घ्या. एवढं ढिलं गाठोडं बांधतात, ग्रिप न्हाई. एक थर झाला; हातात दिली; निसटली. दुसरा चढवला, थोडी राहिली आणि निसटली. दस्ता फुगत गेला. शेवटी तो इतका जाड झाला की शोभेना. सरांनी हात पुढे केला. बोटं त्या फुगलेल्या दस्त्यावर बसली, मिटायची तेवढी मिटली आणि तिथंच टेकली. त्यांनी हात वर उचलला. रॅकेटही वर आली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तसं करणं बरं दिसलं नसतं. पण चाचांना मात्र राहवलं नाही. एवढ्या वर्षांचा वाद होता. "मैं बोला था ना डॉक्टरसाब," ते हळूच म्हणाले, "जाडा दस्ता, हाथ को आराम."

सरांनी त्यांच्याकडं आश्चर्यानं बघितलं. "मग मी कधी न्हाई म्हणालो?"

मेडिकलवाल्यांनी तोंड उघडलं.

"मी आयुष्यभर एकच सांगायलो," सर म्हणाले, "हात बघून मूठ घ्या. बारीकच घ्या असं मी कुणाला म्हणालो असेन तर सांगा."

मेडिकलवाल्यांनी तोंड मिटलं. ज्या माणसाची नवीकोरी रॅकेट त्याच्या माघारी सोलली गेली होती, त्यानं एवढं गिळणं सोपं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी छताच्या फुटबॉलांकडं बघितलं. माझी रॅकेट घ्यायची त्या दिवशी राहूनच गेली.

घरी आल्यावर सरांनी जाहीर केलं की थेरपिस्ट पोरगी हुशार आहे, पण तिला गुंडाळता येत नाही. स्पंज काढून टाकला गेला आणि उरलेल्या ग्रिपनं मेडिकलवाल्यांकडून चमचा नव्यानं बांधून घेतला. रात्री त्या चमच्यानं ते वरणभात जेवले. निम्मा सांडला. काकूंनी सांडलेल्याकडं बघितलंच नाही. पुढे ब्रश झाला, कंगवा झाला, पेन झालं. काकूंचं लाटणं थोडक्यात वाचलं.

शेडमध्ये ते आले तेव्हा सगळे फार चांगले वागले. इतके चांगले की बघवत नव्हतं. सरांनी डाव्या हातानं शटल सोडावं, उजवा हात उचलेपर्यंत ते पायाशी पडावं, आणि पलीकडून मेडिकलवाल्यांनी म्हणावं, "वा सर, जवळ गेलं होतं." कुठं जवळ गेलं होतं ते देवाला ठाऊक. बाकावर बसून काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या. असं पुष्कळ दिवस चाललं.

मग एका संध्याकाळी शटल तारांवर बसलं. आवाजच वेगळा आला. ते वर गेलं, जाळीच्या वरच्या पट्टीला लागतं की काय असं वाटलं, आणि पलीकडं उतरलं. बाजूच्या रेषेजवळ.

"आत!" मेडिकलवाले ओरडले. त्यांनी चक्क उडी मारली. "सर, आत पडलं! पॉइंट!"

सर जाळीपाशी गेले. वाकून बघितलं. "आऊट हाय," ते म्हणाले.

"आत हाय हो. रेषेवर हाय."

"रेषेच्या बाहेर हाय. डोळे फुटलेत का तुमचे?"

"मी इथं उभा हाय का तुमी?"

"उभं राहून काय उपयोग, बघता येत न्हाई तर! आणि खोटा पॉइंट कुणाला द्यायलात? मी काय भिकारी हाव?"

"आता आत हाय ते आत हाय. मी काय करू?"

सर जाळीखालून वाकून पलीकडं गेले. मेडिकलवाल्यांनी शटल जिथं पडलं ती जागा पायानं दाखवली. सर म्हणाले पाय सरकवलात. मेडिकलवाले म्हणाले, तुमच्यासाठी दुकान बंद ठेवून येतो आणि तुमी मला खोटारडा म्हणायलात. आता त्यांचाही आवाज चढला होता आणि त्यात दया अजिबात नव्हती. पुढच्या डावाची वाट बघणारे लोक ओरडायला लागले, की भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा. दोघांनीही ऐकलं नाही. दोघेही गुडघ्यांवर हात ठेवून त्या रेषेवर वाकले होते.

काकू थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग बाकाखालून चपला ओढून पायात घातल्या.

"मी जाते पोरी," त्या मला म्हणाल्या. "भाजी टाकायचीय. हे काय आता लवकर येत न्हाईत."

आणि त्यांना तिथंच सोडून, मागे वळून न बघता त्या घरी गेल्या.